काटा धावतो, आकडा मात्र थांबला

जुन्या गाड्यांच्या मीटरविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रे आली आहेत की, या अंकातील सदर पूर्णपणे त्यांनाच देणे भाग आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. इतर पत्रांमधील अर्ध्याअधिक शंका त्याच उत्तरात सुटत असल्याने ते तसेच ठेवले आहे.

प्रश्न : वडिलांनी 1986 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो, आता ती आठवड्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. गेल्या महिन्यात तीन हात नाक्याजवळ मीटरचा आकडा 69,999 वरून 70,000 होता होता मध्येच अडकला. पाचही आकडे खिडकीत अर्धे वर, अर्धे खाली असे दिसतात. वेगाचा काटा मात्र पूर्वीसारखा चालतो. मिस्त्री म्हणतात, आधी केबल बदलून पाहू, नाही तर जुन्या बाजारातून दुसरे मीटर आणून बसवू. मला वडिलांच्या काळचेच मीटर ठेवायचे आहे. नेमके काय बिघडले असावे? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : केबल बदलू नये. वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे ही दोन्ही कामे एकाच केबलीवर चालतात. काटा व्यवस्थित चालत असेल, तर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची पिनियन (लहान दातेरी चाक), तेथून डॅशबोर्डपर्यंत येणारी केबल आणि मीटरात शिरणारा मुख्य दांडा, एवढे सगळे शाबूत आहे असे निश्चित समजावे. दोष त्याच्या पुढे, म्हणजे मीटरच्या आत आहे. काटा आणि आकडे दोन्ही एकदम थांबले असते, तर संशय आधी केबलीवर घेतला असता. आणि आकडे चालू असून काटाच पडून राहिला असता, तर काट्याची बारीक स्प्रिंग तपासण्यास सांगितले असते. मीटरला हात लावण्यापूर्वी एवढा विचार केला, तर निम्म्या गाड्यांची मीटरे उघडावीही लागत नाहीत. आपले मात्र उघडावे लागेल.

आत काय चालते ते आधी पाहू. केबलीच्या आतली तार मीटरातील एका लहान चुंबकाला फिरवते. त्या चुंबकावर ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी न टेकता पालथी घातलेली असते. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युत भोवरे, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत वाटी जेथे स्थिरावते, तेथे काटा वेग दाखवतो. म्हणजे काट्याचा गिअरशी थेट संबंध नसतो. आकड्यांचे तसे नाही. त्याच दांड्यावर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटा, कापलेला असतो. तो एका लहान दातेरी चाकाला फिरवतो आणि पुढे एक-दोन टप्प्यांत गती कमी होत होत एककाचा आकडा दाखवणाऱ्या चकतीपर्यंत पोहोचते. गती किती कमी होते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. डायलवर बारीक अक्षरांत 1000 अशी संख्या असेल आणि ती दर किलोमीटरला होणारे तारेचे फेरे दाखवत असेल, तर एककाची चकती एकदा पूर्ण फिरेपर्यंत, म्हणजे 10 किलोमीटरमध्ये, तारेचे 10,000 फेरे होतात.

आता 69,999 या आकड्याकडे या, कारण आपल्या बिघाडाचे निदान त्या आकड्यातच आहे. एककाची चकती सतत फिरते. बाकीच्या चकत्या बहुतेक वेळ स्वस्थ बसलेल्या असतात. प्रत्येक चकतीच्या एका कडेला पूर्ण वेढ्याचे दाते आणि दुसऱ्या कडेला एकच खाच असते. दोन चकत्यांच्या मध्ये एक चिमुकली पिनियन असते. एक चकती 9 वरून 0 वर जाताना ती खाच पिनियनला ढकलते आणि पिनियन शेजारच्या चकतीला एक घर पुढे सरकवते. 69,998 चा 69,999 होताना एकच चकती हलते. 69,999 चा 70,000 होताना मात्र पाचही चकत्या एकाच वेळी हलाव्या लागतात आणि त्या सगळ्यांचा भार त्या एकट्या वर्मवर आणि त्याच्या चाकावर येतो. शिवाय दहा हजारांची चकती यापूर्वी हलली होती ती 59,999 चा 60,000 होताना. वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत याचा अर्थ ती चकती 10 वर्षे जागची हललेली नाही. मूळ तेल सुकून लाखेसारखे झालेले, त्यावर धूळ आणि वर खाडीकडची दमट हवा. ती दांड्याला चिकटली असल्यास नवल नाही. वर्म ढकलतो आहे आणि पाचवी चकती हलत नाही, अशा वेळी मधला सर्वांत दुबळा भाग तुटतो. तो बहुतेक वेळा वर्मवर चालणारे प्लॅस्टिकचे दातेरी चाक असते. काही मीटरांत ते ओतीव धातूचे असते आणि तेथे दाते तुटण्याऐवजी चाक आपल्या दांड्यावर सैल होऊन नुसते गरगरत राहते.

म्हणून माझा आग्रह असा की, तुटलेले चाक बदलण्याआधी चकत्या मोकळ्या कराव्यात. बहुतेक कारागीर उलट करतात. नवे चाक बसवतात, मीटर बंद करतात, आणि अडकलेली चकती त्या नव्या चाकाचाही पहिल्याच दिवशी बळी घेते. मग ग्राहकाला ‘जुन्या मीटरात आता काही दम राहिला नाही’ असे ऐकावे लागते.

कामाचा क्रम असा ठेवावा. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे, कारण मीटरामागे दिव्यांच्या वायरी असतात आणि जुन्या वायरींवरचे आवरण हात लावताच झडते. मीटरामागची केबलीची चाकी हाताने सैल करावी. पकडीने आवळून फिरवू नये. काही मीटरांचा आतला सांगाडा मागचे स्क्रू काढल्यावर सरळ बाहेर येतो. काहींच्या काचेभोवतीची पत्र्याची कडी मुडपलेली असते आणि ती बोथट स्क्रूड्रायव्हरने चहूबाजूंनी थोडी थोडी उलगडावी लागते. एकाच जागी जोर दिला की कडी चिरते. काटा काढावा न लागेल असा मार्ग आधी शोधावा. काढणे अटळ असेल, तर तो अडवणाऱ्या खुंटीवरून अलगद उचलून, स्प्रिंगचा ताण नसताना तो कोठे स्थिर राहतो तेथे डायलच्या कडेला पेन्सिलची खूण करावी आणि परत बसवताना त्याच खुणेवर बसवावा. तरुणपणी मी ही खूण न करता एका जुन्या हेराल्ड गाडीचा काटा उपटला होता. ती गाडी नंतर कित्येक दिवस उभ्या उभ्या ताशी 15 मैलांनी धावत होती.

चकत्यांचा दांडा बाहेर काढण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चकत्या बोटाने किंवा टाचणीने जबरदस्तीने फिरवू नयेत, मधल्या पिनियनींचे दाते तुटतात. पेट्रोल आणि थिनर यांना आकड्यांजवळ फिरकू देऊ नये, कारण पांढरे आकडे त्यांबरोबर निघून येतात. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब आणि कापसाची काडी पुरते. दांडा स्वच्छ पुसावा, चकत्या पूर्ण सुकू द्याव्यात आणि मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने दांड्याच्या दोन्ही टोकांना द्यावा. चकत्यांवर, वाटीवर आणि स्प्रिंगवर तेलाचा अंशही जाता कामा नये.

आता तुटलेले चाक. त्याचे दाते मोजावेत, व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) बाहेरचा व्यास घ्यावा आणि त्या व्यासाला, दात्यांची संख्या अधिक दोन, या संख्येने भागावे. 20 दाते आणि 11 मिलिमीटर व्यास असेल, तर 11 भागिले 22, म्हणजे 0.5 मॉड्यूल (दात्यांच्या आकाराचे माप). सरळ दात्यांच्या चाकाला हे सूत्र तंतोतंत लागू पडते. वर्मवरच्या चाकाचे दाते थोडे तिरके असतात, त्यामुळे तेथे ते अंदाजापुरते वापरावे आणि नमुना म्हणून जुने चाक तुटलेल्या दात्यासह कारागिराच्या हाती द्यावे. वागळे इस्टेटमध्ये आणि पलीकडे रबाळे, महापे येथील औद्योगिक वसाहतीत असे लहान चाक पितळेत किंवा नायलॉनमध्ये कापून देणारा टर्नर शोधल्यास सापडतो. थ्रीडी प्रिंटरवर नायलॉनमध्ये छापून घेण्याचाही मार्ग आहे. मी नायलॉन सुचवीन. पितळेचे चाक अधिक टिकते हे खरे, पण पुन्हा कधी चकती अडकली तर ते स्वतः न तुटता वर्मच खाऊन टाकेल आणि वर्म मिळणे चाकापेक्षा कितीतरी कठीण आहे. दात्यांची संख्या एकानेही बदलू नये, नाही तर किलोमीटरचा हिशेबच बदलतो. धातूचे चाक दांड्यावर सैल झाले असेल, तर दांड्यावर बारीक खाचा पाडून ते पुन्हा दाबून बसवावे. झटपट चिकटणारा गोंद मात्र वापरू नये. त्याच्या वाफेने बंद मीटरात डायलवर आणि काचेवर आतून पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात आणि ती पुसून जात नाहीत.

मीटर गाडीत बसवण्यापूर्वी त्याला टेबलावरच प्रवास घडवावा. केबलीच्या आतल्या तारेचा चौकोनी तुकडा ड्रिलमध्ये धरून मीटर हळूहळू फिरवावे. काटा खुंटीवर उलटा दाबला जाऊ लागला, तर ड्रिलची दिशा बदलावी. दर किलोमीटरला 1000 फेरे असतील, तर मिनिटाला 1000 फेऱ्यांवर काट्याने 60 दाखवले पाहिजे आणि दर मिनिटाला आकडा एक किलोमीटरने पुढे गेला पाहिजे. 69,995 पासून सुरुवात करावी आणि पाचही चकत्या एकसंधपणे 70,000 वर उतरताना स्वतः पाहाव्यात.

हे काम स्वतः करायचे नसेल, तर पूर्वी टॅक्सीची यांत्रिक मीटरे दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर गाठावा. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या भाड्याच्या मीटरांनाही अशीच केबल फिरवत असे आणि त्यांच्या आकड्यांच्या चकत्यांशी या मंडळींनी आयुष्य काढले आहे. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून नाहीशी झाली, त्याआधीच इलेक्ट्रॉनिक मीटरांनी या लोकांचे काम थांबवले होते. पण हात अजून तयार आहेत. जुन्या टॅक्सी स्टँडवर चौकशी केली, तर कोणी ना कोणी पत्ता सांगतो.

प्रश्न : माझ्या ॲम्बेसेडरचा काटा पावसाळ्यात थरथरू लागला आणि केबलीतून किर्र असा आवाज येऊ लागला. मी केबल काढून भरपूर ग्रीस भरले. आवाज थांबला, पण आता गाडी 40 ने चालत असताना काटा 60 दाखवतो. आकडे मात्र बरोबर पुढे जातात. – एक वाचक, वाशी

उत्तर : आवाज थांबला, पण ग्रीस जास्त झाले. आतली तार वेटोळ्यांची असल्याने फिरताना ती मळसूत्रासारखे ग्रीस वर ओढते. ते मीटरात शिरून चुंबक आणि वाटी यांच्या मधल्या फटीत बसले की वाटी नुसत्या चुंबकाने ओढली जाण्याऐवजी ग्रीसनेही ओढली जाते आणि काटा वेग वाढवून सांगतो. आकडे दातेरी चाकांवर चालतात म्हणून त्यांना फरक पडत नाही. आपण ते नोंदवले हे बरे केले.

तार पूर्ण बाहेर काढून पुसावी. ती बोटांमध्ये धरून गोल फिरवावी. एखाद्या जागी उडी मारत असेल, तर तेथे ती मुरगळलेली आहे आणि तीच थरथरीचे मूळ आहे, त्यामुळे तार बदलावी. नवीन तारेला ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि मीटरकडची शेवटची 15 सेंटिमीटर कोरडीच ठेवावी. केबलीला मीटरामागे एकदम वळण देऊ नये; वळणाची त्रिज्या 15 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. गिअरबॉक्सच्या टोकाला तारेवर ग्रीसऐवजी गिअर ऑइलचा वास येत असेल, तर तेथील ऑइल सील गेलेले आहे आणि ते न बदलता केलेली सर्व सफाई पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकणार नाही. मीटरची आतली सफाई मात्र तज्ज्ञाकडेच द्यावी. ग्रीसने भरलेली वाटी पुसताना स्प्रिंग वाकली, तर ती घरच्या घरी सरळ होत नाही.

प्रश्न : टायर जुने झाले म्हणून 155/80 आर 14 काढले आणि दुकानात तयार असलेले 155/70 आर 14 बसवले. आता रविवारी पहाटे पामबीच मार्गावर मोबाइल साडेनऊ किलोमीटर दाखवतो, तेव्हा गाडीचे मीटर 10 दाखवते. मीटर बिघडले की मोबाइल चुकतो? – एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, बदलले ते टायर. जुन्या टायरची भिंत 155 च्या 80 टक्के, म्हणजे 124 मिलिमीटर होती. नव्याची 70 टक्के, म्हणजे साधारण 108 मिलिमीटर. 14 इंची रिम धरून चाकाचा व्यास 604 वरून 573 मिलिमीटरवर आला, म्हणजे 5 टक्क्यांनी घटला. तेच अंतर कापायला चाक जास्त फेरे घेते आणि मीटर फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. आपला साडेनऊ आणि दहाचा फरक नेमका तेवढाच आहे.

खात्री करून घ्यायची असेल, तर मीटरामागून केबल सोडवून तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण खोचावा आणि सपाट गल्लीत टेपने मोजलेले 50 मीटर अंतर गाडी ढकलत न्यावी. बाणाचे जेवढे फेरे होतील, त्यांना 20 ने गुणले की दर किलोमीटरचे फेरे मिळतात. मीटर 1000 चे असेल, तर पूर्वीच्या टायरवर 50 फेरे झाले असते. आता साडेबावन्नहून थोडे अधिक होतील. सोसायटीतल्या मुलांना गाडी ढकलायला फार आवडते, फक्त फेरे मोजण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये.

मीटरमध्ये काहीही बदल करू नये. पुढच्या वेळी मूळ मापाचे टायर मागवून घ्यावेत. तोवर काटा वेग थोडा जास्त दाखवतो, म्हणजे चूक झाली तरी ती सावधपणाच्या बाजूने होते.

प्रश्न : माझ्या पद्मिनीचे मूळ मीटर दुरुस्तीपलीकडे गेले. तेव्हा त्याचा आकडा 81,206 होता. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या मीटरवर 23,418 आहेत. गाडी विकण्याचा विचार आहे. नव्या मीटरवर जुना आकडा बसवून घेतला, तर ते ‘मीटर फिरवणे’ ठरेल का? एक दलाल म्हणतात, आहे तोच आकडा राहू द्या, भाव चांगला येईल. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आकडा खऱ्या अंतरावर आणणे आणि खरे अंतर लपवणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. 81,206 बसवून घ्यावा. चकत्यांचा दांडा बाहेर असताना ते दहा मिनिटांचे काम आहे. 23,418 वर गाडी विकणे आणि खरेदीदाराला मीटर बदलल्याचे न सांगणे ही फसवणूक आहे आणि फसवणुकीला 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागू होते. दलालांचा सल्ला ऐकल्यावर ते कलम लागते ते आपल्याला, दलालांना क्वचितच. जुने मीटर टाकू नये. दोन्ही मीटर शेजारी ठेवून दुरुस्तीच्या दिवशी छायाचित्र काढावे, कारागिराच्या पावतीवर दोन्ही आकडे लिहून घ्यावेत आणि विक्रीच्या कागदात मीटर बदलल्याचा एक ओळीचा उल्लेख करावा.

जाणकार खरेदीदार पाच आकडी मीटरकडे तसेही फार पाहत नाही, कारण लाख पूर्ण झाले की ते शून्यावर येते. तो ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर, दाराच्या बिजागरीचा ढिलेपणा आणि स्टिअरिंगचा खेळ पाहतो. त्याला मूळ मीटर पावतीसह हातात दिले, तर भाव कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव अधिक आहे.

प्रश्न : आजोबांच्या काळातील गाडीचे मीटर मैलांमध्ये आहे. ते किलोमीटरमध्ये बदलून घ्यावे का? – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : घेऊ नये. त्यासाठी डायल आणि आतली दातेरी चाके दोन्ही बदलावी लागतात आणि गाडीचे मूळ रूप जाते. मैलांना 1.609 ने गुणावे. वेगासाठी 30, 40 आणि 50 मैलांच्या ठिकाणी काचेच्या बाहेरून, नंतर सहज निघेल अशा पारदर्शक पट्टीवर, अनुक्रमे 48, 64 आणि 80 असे आकडे लिहून लावावेत.